जुन्या औषधाच्या बाटल्या धुण्याआधी: गावातील संग्रहासाठी मार्गदर्शन

गावातील शाळेत किंवा वाचनालयात जुन्या वस्तूंची खोली उभी राहू लागली की जाते, पायली, कंदील आणि समया लोक आपणहून आणून देतात. दवाखान्यातील कंपाउंडरच्या हातची औषधाची बाटली मात्र भंगारात जाते, आणि संग्रहात आलीच तर येताक्षणी धुतली जाते. आमच्या संग्रहातील पहिली बाटली मी स्वतःच राखेने घासून लख्ख केली होती. दुसऱ्या दिवशी ती देणाऱ्या आजी आल्या आणि त्यांनी विचारले, “बाटलीवरची पट्टी कुठी गेली, गुरुजी?” ती कागदाची अरुंद पट्टी हौदाच्या पाण्यात विरघळून गेली होती, आणि त्या पट्टीवरच्या खाचा मोजून त्यांनी आपल्या मुलाला तापाचे औषध पाजले होते. पुढे जे लिहिले आहे ते त्या चुकीतून शिकलेले आहे.

बाटली हाती आली की ती जाड वर्तमानपत्रावर ठेवावी, चारही बाजूंनी आणि तळाकडून छायाचित्रे घ्यावीत आणि देणाऱ्या व्यक्तीसमोर बसूनच नोंद करावी. ती कोणाच्या घरातून आली, कोणत्या आजारासाठी होती, औषध कोठून आणले, रिकामी बाटली घरूनच न्यावी लागे का, हे प्रश्न त्याच दिवशी विचारावेत. नोंद शिसपेन्सिलीने करावी, कारण शाई ओलाव्याने फुटते. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. कागद, बूच किंवा आतील साका असलेल्या बाटलीला पाणी लावू नये.

त्यानंतर बाटली वाचावी. कंपाउंडर कागदाची पट्टी दुमडून तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडत असे आणि ती बाटलीवर उभी चिकटवत असे. दोन खाचांमधील औषध म्हणजे एक खुराक. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही खुराक कळावा, यासाठीची ही सोय होती, म्हणून माझ्या मते अशी पट्टी असलेली साधी बाटली कोऱ्या नक्षीदार बाटलीपेक्षा मोलाची आहे. चिठ्ठीवर किंवा काचेवर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी खूण दिसली तर ती ड्रॅमची असते आणि तिच्या डोक्यावर आणखी एक वळण असेल तर ती औंसाची असते. औषधवाल्यांच्या जुन्या मापात 60 ग्रेनचा एक ड्रॅम आणि 8 ड्रॅमचा एक औंस होत असे. द्रव औषधाचा एक औंस म्हणजे सुमारे 28.4 मिलिलिटर.

काळ ठरवताना आधी साच्याची शिवण पाहावी. बाटलीच्या अंगावरील ही बारीक उभी रेघ गळ्याशीच थांबत असेल, तर ओठ बहुधा हाताने घडवलेला असतो. ओठावरून वर जात असेल, तर बाटली यंत्रावर तयार झालेली असते. स्वयंचलित यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी आली, परंतु हाताने काच फुंकणे त्यानंतरही चालू राहिले, त्यामुळे शिवणीवरून बनावट कळते, वर्ष कळत नाही. वर्षासाठी छापील कागद अधिक खात्रीचा आहे, आणि विदर्भातील संग्राहकाला येथे एक विशेष सोय आहे. नागपूरच्या पत्त्यापुढे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ किंवा त्याची इंग्रजी आद्याक्षरे असतील तर छपाई साधारणपणे 1950 च्या आधीची समजावी. ‘नागपूर, मध्य प्रदेश’ असे असेल तर ती 1950 ते 1956 या थोड्याच वर्षांतील असण्याचा संभव मोठा आहे, कारण 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून तो महाराष्ट्रात आहे. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा 1 एप्रिल 1957 पूर्वीची असते, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई 15 ऑगस्ट 1972 नंतरची असते. पेनिसिलिनच्या कुपीवर पिंपरीच्या सरकारी कारखान्याचे नाव असेल तर ती 1954 च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो कारखानाच त्या वर्षी स्थापन झाला. छापखान्यात जुने कागद उरत आणि ते नंतरही वापरले जात, म्हणून एका पुराव्यावर न थांबता दोन तरी जुळवून पाहावेत.

गडद निळी, षटकोनी किंवा अंगावर उभ्या कंगोऱ्यांची बाटली हाती लागली तर ती विषारी द्रव्याची असू शकते. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला धोका कळावा म्हणून तिला तसा आकार दिलेला असे. तपकिरी काच मात्र विषाची खूण नव्हे. प्रकाशाने बिघडणारी औषधे त्यात ठेवत.

आत काही शिल्लक असेल तर झाकण उघडू नये, वास घेऊ नये आणि मोरीत ओतू नये. जुन्या साठ्यात पारा असलेले मर्क्युरोक्रोम, सोमलयुक्त द्राव, कुचल्याचा अर्क किंवा कार्बोलिक आम्ल असू शकते. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात, म्हणून त्याची बाटली हलवूही नये. प्रथमोपचार पेटीत भाजल्यावर लावायच्या पट्टीवर पिक्रिक आम्लाचे नाव असेल तर पेटी जागेवरच सोडून खोली बंद करावी आणि पोलिसांना कळवावे. हे द्रव्य सुकल्यावर स्फोटक होते, आणि धातूशी संयोग पावल्यास अधिकच. इतर भरलेल्या बाटल्यांसाठी जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयातील जाणकारांना बोलवावे.

प्रथमोपचार पेट्या आपल्या भागात विशेषतः जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून मिळतात. 1948 च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी ठेवणे बंधनकारक केले. पेटीतील वस्तू ज्या क्रमाने रचलेल्या असतील तो क्रम आधी टिपावा, मगच एकेक वस्तू बाहेर काढावी. त्रिकोणी पट्टी, गॉझ, लाकडी खपच्या, आयोडीनची कुपी आणि कापसाची गुंडाळी हे सारे साधे वाटेल, पण त्या गुंडाळीपाशी पाहुण्यांना थांबवावे. शेतातल्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. अल्कलीत उकळून आणि विरंजन करून तो थर काढला की तोच कापूस पाणी शोषून झटकन तळाशी जातो. दोन काचेच्या पेल्यांत सरकी काढलेला घरचा कापूस आणि मेडिकलमधला आजचा कापूस टाकून हे दाखवावे, संग्रहातील गुंडाळीला हात लावू नये. ज्यांनी आयुष्यभर कापूस वेचला त्या बायाही हे पाहून वाकून बघतात.

साठवणुकीसाठी टिनपत्र्याखालची खोली टाळावी, कारण उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांवर जातो आणि रबर चिकट होते, बूच आकसते. पावसाळ्यात कागदी चिठ्ठ्यांना बुरशी आणि उदई या दोन्हींपासून जपावे लागते. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि दर पंधरवड्याला त्याचे पाय तपासावेत. क्रमांक काचेवर चिकटवू नये, सुती दोऱ्याने गळ्याला चिठ्ठी बांधावी.

मांडणी करताना चिठ्ठीवरील रुग्णाच्या नावाचा विचार करावा. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याजवळचे आनंदवन यांच्यामुळे कुष्ठरोगाशी झालेला झगडा या भागाच्या इतिहासात आहे, आणि सल्फोन औषधांच्या आधी त्या रोगावर चालमोगऱ्याचे तेल वापरत, त्यामुळे तशी बाटली येथे मिळाली तर ती जरूर मांडावी. परंतु ज्याचे नाव तीवर लिहिले आहे त्याची नातवंडे त्याच गावात राहत असतील, म्हणून नावाची बाजू भिंतीकडे करावी आणि ते नाव असलेली नोंदवही कुलपात ठेवावी.