सुरुवात जिन्यापासून: प्राथमिक शाळेत चांगल्या वागणुकीची सवय कशी लावावी

प्राथमिक शाळेत मुलांची भांडणं बहुधा वर्गाबाहेर जुंपतात. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की जिन्यात, हात धुताना नळावर, खिचडीच्या रांगेत, पावसाळ्यात ओल्या छत्र्या ठेवायच्या कोपऱ्यात. मुंबईतल्या तीन-चार मजली शाळेत चढणारी आणि उतरणारी मुलं एकाच जिन्यात समोरासमोर येतात आणि नेमकं त्याच वेळी तिथे मोठं माणूस कुणी नसतं. धक्का लागतो, मग हात उचलला जातो. म्हणून काम सुरू करताना ‘मस्तीखोर’ मुलांची यादी काढू नका. जागांची यादी काढा.

त्यासाठी एक आठवडा फक्त नोंदी ठेवा. साध्या वहीत चार रकाने आखा: वेळ, जागा, काय झालं, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. मुलांची नावं या वहीत नकोत. सगळ्या शिक्षकांनी आणि शिपाईदादांनीही एकाच वहीत लिहायचं. शनिवारी वही उघडली की दोन-तीन जागा आणि दोन-तीन वेळा पुन्हा पुन्हा दिसतील. पहिल्या महिन्यात तेवढ्याच हातात घ्या. सगळी शाळा एकदम सुधारायला निघालं की पंधरा दिवसांत सगळेच दमतात.

नियम तीनच ठेवा आणि ‘करू नका’ असं न म्हणता ‘करा’ असं सांगा: स्वतःला आणि दुसऱ्याला जपा, आपली पाळी येऊ द्या, वस्तू जागेवर ठेवा. सहा वर्षांच्या मुलाला ‘शिस्तीत वागा’ म्हटल्यावर काय करायचं ते कळत नाही. त्याला हातापायांचं काम सांगावं लागतं. जिन्यात ‘जपा’ म्हणजे डाव्या बाजूने चालणं, एक हात कठड्याला, एका वेळी एकच पायरी, पुढच्याच्या दप्तराला हात न लावणं. नळावर ‘पाळी’ म्हणजे जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर उभं राहणं. प्रत्येक जागेचं असं वेगळं ठरवा आणि चित्र काढून तिथेच, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. अनेक इमारतींत दोन-तीन माध्यमांच्या शाळा, शिवाय सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं असतात. तिथे अक्षरांपेक्षा चित्र उपयोगी पडतं. आणि जिन्याचा नियम सगळ्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून ठरवावा, नाहीतर सकाळची मुलं डावीकडून आणि दुपारची उजवीकडून चालतील.

आता मुख्य भाग. चित्र लावून सवय लागत नाही. पाढे शिकवतो तसं वागणं शिकवावं लागतं आणि ते त्या जागेवर जाऊन. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गाला पंधरा मिनिटं जिन्यात न्या. आधी बाईंनी किंवा सरांनी स्वतः बरोबर उतरून दाखवायचं. मग चुकीचं, म्हणजे दोन पायऱ्या सोडून उडी, तेही शिक्षकांनीच, कठडा धरून आणि शेवटच्या पायरीवर दाखवायचं. चुकीचा प्रयोग मुलांकडून करून घेऊ नका. हशा पिकतो आणि लक्षात नेमकं तेच राहतं. त्यानंतर मुलं पाच-पाचच्या गटाने उतरतील, प्रत्येक गट दोनदा. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर तीन मिनिटांची उजळणी. पायऱ्या ओल्या व्हायला लागल्या की पुन्हा एकदा, गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा. सुट्टीनंतर मुलं विसरणार हे गृहीतच धरा.

शिकवलं की कौतुक लगेच सुरू करा, इथे कंजुषी नको. ‘शाबास, गुड’ एवढ्याने मुलाला आपण काय चांगलं केलं ते कळत नाही. ‘सानिका, तू कठडा धरून उतरलीस, मागच्या छोट्यांना वाट मिळाली.’ नाव, केलेली गोष्ट आणि तिचा उपयोग, तिन्ही एका वाक्यात. चांगली गोष्ट घडल्यावर काही क्षणांतच हे बोललं पाहिजे. एका टोकण्यामागे चार वेळा कौतुक, हा अंदाज ठेवा. हिशेब राहत नसेल तर टेबलावर दोन वाट्या ठेवा, एकीत दहा चिंचोके. नेमकं कौतुक केलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. दुपारपर्यंत पहिली वाटी भरलेलीच दिसली तर आपण फक्त टोकत होतो. तिसरी-चौथीच्या काही मुलांना सगळ्यांसमोर कौतुक नको वाटतं. त्यांच्या बाकाजवळ जाऊन हळूच सांगा.

बक्षीस हवं असेल तर ते पूर्ण वर्गाचं ठेवा. काचेच्या बरणीत चिंचोके जमवा आणि बरणी भरली की पंधरा मिनिटं जास्तीचा खेळ. पहिली बरणी लहान घ्या, पाच-सहा दिवसांत भरेल अशी. महिनाभर न भरणाऱ्या बरणीकडे मुलं बघतही नाहीत. एकदा टाकलेला चिंचोका कोणत्याही कारणाने परत काढू नका. एकाच्या चुकीने बरणी रिकामी झाली तर सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडतो. चॉकलेटही नको, सवय चॉकलेटची लागते. मॉनिटरने फळ्यावर नावं लिहिण्याची जुनी पद्धत पूर्ण बंद करा. त्यातून मॉनिटरची दादागिरी वाढते आणि रोज तीच चार नावं वाचून बाकीची मुलंही त्यांना वाईट ठरवून टाकतात.

चूक झालीच, तर छोट्या चुकीचा क्रम सगळ्यांनी एकच ठेवावा: मुलाजवळ जाऊन उभं राहा, नियमाची एका वाक्यात आठवण द्या, मुलाने ते करायला दहा सेकंद थांबा, केलं की लगेच दखल घ्या. नाहीच केलं तर सुट्टीत एकट्याशी बोला. जिन्यात धावलेल्याला परत वर पाठवून नीट उतरायला लावणं, तेही न ओरडता, एवढं पुरतं. मारामारीत दुखापत, शाळेबाहेर पळून जाणं, चोरी या गोष्टी थेट मुख्याध्यापकांकडे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर हा वागणुकीचा प्रश्न राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. उठाबशा, अंगठे धरणं, बाकावर उभं करणं यांतलं काहीही चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं.

हे सगळं कोलमडतं ते बहुतेक वेळा मोठ्यांमुळे. बाई ‘चालत जा’ म्हणतात आणि शिपाईदादा ‘ए, पळ लवकर’ म्हणतात, मग मूल ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतं. खिचडी वाढणाऱ्या ताई, साफसफाईच्या मावशी, फाटकावरचे काका, व्हॅनवाले काका या सगळ्यांना अर्धा तास एकत्र बसवा, तीन नियम आणि एक-एक कौतुकाचं वाक्य द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांनाही यात घ्या. पालकांना पहिला निरोप चांगल्या गोष्टीचा जाऊ द्या, नंतरची तक्रार ते ऐकून घेतात.

एवढं करूनही दोन-चार मुलं अडतात. त्यांच्यासाठी रोज सकाळी एकाच ठरलेल्या माणसाने दोन मिनिटं द्यावीत: जेवून आलास का, झोप झाली का, वही आहे का. एका खोलीत सहा माणसं आणि रात्रपाळीहून परतणारे वडील असतील तर झोप अपुरीच असते. ऐकू कमी येतं का, फळा दिसतो का, हेही तपासा. मग एक कार्ड द्या: तीन नियम, दिवसाचे चार भाग, प्रत्येक चौकोनात ०, १ किंवा २. एकूण २४. मूल आज १० वर असेल तर उद्दिष्ट १२ ठेवा, थेट २० ठेवलंत तर ते दुसऱ्याच दिवशी कार्ड फाडेल. घरी जाताना त्याच माणसाने कार्ड बघायचं.

महिन्याच्या शेवटी पुन्हा एक आठवडा तीच वही, तेच चार रकाने. जिन्यातल्या नोंदी कमी झाल्या नसतील तर वेळापत्रकच बदला: पहिली-दुसरीला मधल्या सुट्टीतून पाच मिनिटं आधी वर न्या आणि प्रत्येक वळणावर एक शिक्षक उभा करा.