सोर्समधून लिनक्स उभारताना बॅकअप कधी आणि कसा घ्यावा

सोर्स कोडमधून लिनक्स उभारताना डिस्क बिघडून काम बुडण्याची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात घात होतो तो बहुतेक वेळा आपल्याच हातून: चुकीच्या डिरेक्टरीत दिलेली एखादी कमांड, कॉन्फिगर करताना राहून गेलेला एखादा पर्याय, न लावलेला पॅच (सोर्समधली छोटी दुरुस्ती). यातली कमांडची चूक लगेच कळते. बाकीच्या चुका लपून राहतात. ग्लिबसीमध्ये (बाकीचे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती सी लायब्ररी) काही बिनसलं तरी पुढची अनेक पॅकेजं निमूटपणे बनतात आणि गडबड थेट जीसीसी या कंपाइलरच्या चाचण्यांमध्ये उघडी पडते. अशा वेळी कालचा बॅकअप हाताशी असून उपयोग नसतो, कारण चूक त्यातही आलेली असते. म्हणून ठरावीक टप्प्यांवर बॅकअप घ्या आणि नवा घेतला म्हणून जुना पुसू नका.

हा लेख ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या मार्गदर्शिकेच्या सध्याच्या मांडणीला धरून लिहिला आहे. दुसऱ्या पद्धतीने सिस्टिम उभारत असाल तर टप्प्यांची नावं बदलतील, कृती तीच राहील.

१. टप्पे आधी ठरवा

प्रत्येक पॅकेजनंतर बॅकअप घ्यायचा उत्साह दोन दिवसांत मावळतो. चार टप्पे पुरतात.

पहिला, सातव्या प्रकरणाच्या शेवटी. तात्पुरती साधनं तयार झालेली असतात, सीएचरूटमध्ये (नव्या सिस्टिमची डिरेक्टरीच मूळ मानणाऱ्या शेलमध्ये) शिरून झालेलं असतं, टूल्स डिरेक्टरी काढून टाकलेली असते आणि सगळ्या फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे मुख्य प्रशासकाकडे गेलेली असते. मार्गदर्शिकाही बॅकअप इथेच सुचवते. याआधी घेतलेल्या बॅकअपमध्ये फाइलींची मालकी होस्टवरच्या (ज्या चालू सिस्टिमवरून आपण हे उभारतो तिच्यावरच्या) एलएफएस नावाच्या वापरकर्त्याकडे असते आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या मशीनवर भलत्याच कुणाचा असू शकतो. म्हणून त्याआधीच्या बॅकअपच्या फंदात मी पडत नाही.

दुसरा, आठव्या प्रकरणात जीसीसी बसवून त्याची तपासणी पार पडल्यावर. ही तपासणी म्हणजे रिकामा मेन असलेला इवलासा प्रोग्रॅम कंपाइल करायचा आणि रीडएल्फ या कमांडने तो योग्य डायनॅमिक लोडर (चालताना लायब्ररी जोडून देणारा प्रोग्रॅम) मागतो आहे ना ते बघायचं. ती पार पडली की ग्लिबसी, बिनयुटिल्स (असेंब्लर आणि लिंकर) आणि जीसीसी हे त्रिकूट ठीक बसलं, असं मानायला हरकत नाही. आठव्या प्रकरणात 80 च्या आसपास पॅकेजं आहेत. त्यातली सर्वांत वेळखाऊ चाचणी याच सुमारास उरकलेली असते, त्यामुळे हा बॅकअप सर्वांत जास्त वेळ वाचवतो.

तिसरा, स्ट्रिप करण्याआधी. स्ट्रिप ही कमांड डीबगची माहिती काढण्यासाठी बायनरी आणि लायब्ररी जागच्या जागी बदलते. तिथे एक चूक झाली तर अख्खी सिस्टिम निकामी होऊ शकते.

चौथा, कर्नल, एफएसटॅब (माउंट करायच्या पार्टिशनांची यादी) आणि ग्रब या बूटलोडरची मांडणी झाल्यावर, पहिल्या रीबूटच्या आधी. कर्नलची कॉन्फिग फाइल वेगळीही काढून ठेवा. ती छोटी असते, पण पुन्हा जुळवायची म्हटलं तर तासन्‌तास जातात.

२. सोर्सची डिरेक्टरी आवरा

पॅकेज बनवून झालं की त्याची उलगडलेली डिरेक्टरी काढून टाकायची असते, पण घाईत ती राहून जाते. बॅकअपआधी सोर्समध्ये फक्त मूळ टारबॉल (सोर्सच्या दाबलेल्या फाइली) आणि पॅच उरतील असं बघा. जागा तर वाचतेच, शिवाय अर्धवट बिल्ड डिरेक्टरी बॅकअपमधून परत आली तर पुढच्या वेळी तुम्ही त्यातच मेक चालवाल आणि जुन्या सेटिंगची बायनरी नव्या सिस्टिममध्ये बसेल.

टारबॉल बॅकअपमध्ये घ्यावेत का? जागा असेल तर घ्या. नसेल तर त्यांची एक वेगळी प्रत चेकसमच्या (फाइल बिघडली नाही ना हे तपासायच्या आकड्यांच्या) यादीसकट कायमची ठेवा. ‘पुन्हा डाउनलोड करता येईल’ यावर विसंबू नका, कारण मूळ साइटवरून जुन्या आवृत्त्या हलवल्या जातात. टारबॉल धरून पहिल्या टप्प्याच्या बॅकअपसाठी किमान 1 जीबी मोकळी जागा लागते. पुढचे बॅकअप याहून मोठे होतात.

३. बाहेर या आणि अनमाउंट करा

बॅकअप सीएचरूटच्या आतून घेऊ नका. बाहेर या, होस्टवर रूट व्हा आणि आत जोडलेल्या आभासी (डिस्कवर नसलेल्या, कर्नलने दाखवलेल्या) फाइलसिस्टिम सोडवा: आधी डेव्हखालचे एसएचएम आणि पीटीएस, मग सिस, प्रॉक, रन आणि शेवटी डेव्ह. ‘टार्गेट इज बिझी’ असा संदेश आला तर बहुधा एखाद्या टर्मिनलमधला शेल अजून त्या डिरेक्टरीत बसलेला असतो. फ्यूजर किंवा एलएसओएफ तो शोधून देतात. शेवटी काय काय जोडलेलं आहे ते दाखवणारी फाइंडमाउंट कमांड चालवून खात्री करा.

हे सोडवणं राहिलं तर काय होतं? प्रॉकमध्ये केकोर नावाची फाइल आहे. 64 बिटच्या नेहमीच्या मशीनवर ती सुमारे 128 टीबी आकाराची दिसते. ती डिस्कवर कुठेच नसते, पण टार (बॅकअपसाठी फाइली एकत्र बांधणारा प्रोग्रॅम) तिला वाचायला बसतो. ‘वन-फाइल-सिस्टिम’ पर्याय दिला तर टार माउंट केलेल्या जागा वगळतो. मात्र नव्या सिस्टिमचं बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही वगळलं जाईल, आणि ते रिस्टोअरनंतरच लक्षात येईल. तसं असेल तर बूटचा बॅकअप वेगळा घ्या.

आणखी एक बारकावा. काही जण प्रॉक, सिस, डेव्ह आणि रन या डिरेक्टऱ्याच पूर्ण वगळतात. मग रिस्टोअर केल्यावर माउंट करायला जागाच उरत नाही. अनमाउंट केल्यावर त्या रिकाम्या होतात, तशाच आत जाऊ द्या.

४. टार करा

एलएफएस व्हेरिएबल ज्या डिरेक्टरीकडे बोट दाखवतं तिथे जा आणि सध्याच्या डिरेक्टरीचा, म्हणजे नुसत्या टिंबाचा, टार करा. पर्याय सी, मोठा जे, पी आणि एफ: नवा संग्रह, एक्सझेड कॉम्प्रेशन, परवानग्या आणि फाइलचं नाव. तयार होणारी फाइल या झाडाच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या.

यात मी ‘न्युमेरिक-ओनर’ हा पर्याय आवर्जून जोडतो. तो नसेल तर टार रिस्टोअरच्या वेळी मालकांची नावं होस्टच्या नावांशी जुळवायला जातो. नव्या सिस्टिममधल्या आणि होस्टवरच्या सारख्याच नावाच्या वापरकर्त्यांचे क्रमांक वेगळे असले की मालकी बिघडते. फाइल कॅपॅबिलिटी (प्रोग्रॅमला दिलेले खास अधिकार) वापरत असाल तर ‘एक्सअ‍ॅटर्स’ही द्या, टार त्या आपणहून साठवत नाही.

एक्सझेड आकार छान आटोपतो, पण हळू चालतो. वारंवार बॅकअप घेणार असाल तर झेडएसटीडी वापरा, थोडी मोठी फाइल चालते. त्यासाठी होस्टवर झेडएसटीडी आणि टारची 1.31 किंवा पुढची आवृत्ती हवी. टारऐवजी आरसिंक वापरणाऱ्यांनी हार्ड लिंकसाठीचा (एकाच फाइलच्या अनेक नावांसाठीचा) मोठा एच विसरू नये. ‘आर्काइव्ह’ या नावावरून वाटतं की लहान ए सगळं सांभाळेल, पण हार्ड लिंक त्यात येत नाहीत.

फाइलच्या नावात टप्पा आणि तारीख घाला. सोबत साधी टेक्स्ट फाइल ठेवा: शेवटचं बसवलेलं पॅकेज, बदललेले पर्याय, नापास झालेल्या चाचण्या. सहा आठवड्यांनी ‘फायनल-नवा-2’ या नावाचा अर्थ तुम्हालाही लागणार नाही.

५. तपासून बघा

शा-256 चेकसम काढून ठेवा. मग आभासी फाइलसिस्टिम पुन्हा जोडायच्या आधीच टारचा ‘कंपेअर’ पर्याय वापरून संग्रह आणि डिस्क जुळतात का ते बघा. पहिल्या टप्प्याचा बॅकअप तरी एकदा वेगळ्या रिकाम्या डिरेक्टरीत उलगडा, तिथे नेहमीचे माउंट करून सीएचरूट करा आणि तो इवलासा प्रोग्रॅम कंपाइल करून पाहा. ती डिरेक्टरी नंतर पुसताना मात्र आधी माउंट सोडवा. का, ते पुढच्याच पायरीत.

६. परत आणताना

सर्वांत धोक्याची जागा ही. रिस्टोअर करण्याआधी जुनं झाड रिकामं करावं लागतं. टार फक्त फाइली टाकतो, जुन्या पुसत नाही. म्हणून भरलेल्या झाडावर उलगडल्यास चुकीच्या बिल्डच्या लायब्ररी तशाच मागे राहतात. रिकामं करण्यासाठी रूट म्हणून ‘आरएम मायनस आरएफ’ द्यावं लागतं. त्या वेळी एलएफएस व्हेरिएबल रिकामं असेल आणि पुढची सीडी कमांड भलतीकडेच घेऊन गेली तर पुसलं जातं ते होस्टचं. डेव्ह अजून बाइंड माउंट असेल (म्हणजे होस्टचीच डिरेक्टरी तिथे जोडलेली असेल) तर होस्टच्या डिव्हाइस फाइली जातात.

म्हणून क्रम असा ठेवा: व्हेरिएबलची किंमत छापून बघा, पीडब्ल्यूडी बघा, फाइंडमाउंट बघा, आणि पुसण्याची कमांड कॉपी-पेस्ट न करता हाताने लिहा. मी तर पुसतच नाही. पार्टिशन अनमाउंट करून नव्याने फॉरमॅट करणं मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण जोडलेलं पार्टिशन फॉरमॅट करायला एमकेएफएस सहसा नकार देतो. फक्त यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) बदलतो, तेव्हा एफएसटॅब किंवा ग्रबमध्ये जुना लिहिला असेल तर दुरुस्त करा.

मग रिकाम्या जागेत एक्स, पी आणि एफ या पर्यायांनी, ‘न्युमेरिक-ओनर’सह उलगडा. त्यानंतर आभासी फाइलसिस्टिम माउंट करा, व्हेरिएबल पुन्हा द्या, सीएचरूट करा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करत असाल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जपलेली स्थिती, सोयीचा आहे. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम आणि एलव्हीएम ही पार्टिशन-व्यवस्था यांचेही आहेत. धोक्याच्या कमांडआधी घ्यायला ते उत्तम, पण ते त्याच डिस्कवर असतात.

७. दुसऱ्या मशीनवर नेताना

पहिल्या टप्प्याचा संग्रह त्याच आवृत्तीची दुसरी सिस्टिम उभारायलाही वापरता येतो, तेव्हा काम संपलं म्हणून तो टाकू नका. पुढच्या टप्प्यांचे संग्रह मात्र जपून न्या. जीएमपी ही लायब्ररी बनताना समोरच्या प्रोसेसरला अनुरूप होऊन बनते, आणि जीसीसी तिच्यावर चालतो. असा बॅकअप जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर उलगडला तर कंपाइलरच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळू शकतो. तसं न्यायचं आधीच ठरलं असेल तर जीएमपी सर्वसाधारण प्रोसेसरसाठी कॉन्फिगर करा आणि सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या पर्यायांत) ‘मार्च नेटिव्ह’, म्हणजे याच प्रोसेसरसाठी बनवण्याचा पर्याय, ठेवू नका.