हरवलेला रोमन रस्ता शेतात कसा शोधायचा

इंग्लंडमधला एखादा रोमन रस्ता नकाशावर मधेच गायब होत असेल तर गूगल अर्थवर जुन्या फोटोंचा स्लायडर ओढा आणि कोरड्या उन्हाळ्याचे, म्हणजे जून-जुलैचे फोटो काढा, 2018 चे मिळाले तर सोन्याहून पिवळं कारण त्या वर्षी पावसाने चांगलीच दडी मारली होती. गवताळ कुरणापेक्षा गहू-बार्लीची शेतं बघा. रस्त्याच्या खडीवर माती कमी, ओल टिकत नाही, त्यामुळे पीक खुरटतं आणि लवकर पिवळं पडतं, आणि दोन्ही बाजूंना बुजलेले चर असतात तिथे उलट, पीक उंच नि हिरवंगार. म्हणजे मधे फिकट पट्टा आणि कडेला दोन गडद रेघा दिसल्या की समजा काहीतरी हाती लागलं. पण घाई नको हं, गॅसची पाइपलाइन पण अशीच सरळ दिसते! म्हणून रेघ दोन्हीकडे वाढवून बघा, पुढे कुंपणाची झाडी, गावाची शीव किंवा सध्याचा एखादा रस्ता त्याच रेषेत येतो का. रोमन लोक दिशा बदलायचे ती बहुतेक टेकडीच्या माथ्यावर, तेही तपासा. कुरणात काहीच दिसत नसेल तर सरकारी लायडार डेटा (विमानातून लेझर सोडून केलेली जमिनीच्या चढउतारांची मोजणी) फुकट आहे, त्यात रस्त्याचा बुटका उंचवटा कधीकधी स्पष्ट दिसतो.