विकास आराखड्यावर हरकत घेताय? मग या चुका टाळा

शहराचा नवा विकास आराखडा, म्हणजे डीपी, कोणती जमीन रस्त्याला, घरांना, बागेला ते दाखवणारा नकाशा, जाहीर झाला की पहिले दोन आठवडे माझ्याकडे कुणी फिरकत नाही अन् पंचविसाव्या दिवशी ओट्यावर चपलांचा ढीग लागतो. मी जळगावात राहतो, चौदा-पंधरा वर्षं झाली लोकांना हरकती लिहून देतोय, पैसे घेत नाही, झेरॉक्स ज्याची त्याने करायची एवढंच. माणूस धुळ्याकडचा असो, शहाद्याकडचा असो नाहीतर यावल-रावेरचा केळीवाला असो, चुका त्याच त्या. दरवेळी तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नकाशावर मारलेली रेघ माणसापेक्षा जास्त जगते. धुळ्याचंच बघा ना, १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने पांझरा नदीकाठी नवी पेठ आखली, सरळ सरळ गल्ल्या, अन् आज दोनशे वर्षांनंतरही जुन्या धुळ्यातला माणूस पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच सांगतो. तुमच्या वावरातून जाणारी १८ मीटरची रेघ पण तशीच टिकणारे, अन् ती हलवायला कायदा तुम्हाला देतो फक्त ३० दिवस.

हे ३० दिवस कुठून मोजायचे इथंच पहिली गडबड होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, त्याचं कलम २६, त्यात प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्याची नोटीस राजपत्रात आल्याच्या तारखेपासून मुदत चालू होते. तुमच्या पेपरात बातमी आली तेव्हापासून नाही, शेजाऱ्याने सांगितलं तेव्हापासून तर नाहीच नाही. कधी कधी मुदतवाढ मिळते पण तिच्या भरवशावर बसू नका. मी नोटीस आली की कॅलेंडरवर विसाव्या दिवसाला लाल गोल करतो अन् तीच शेवटची तारीख धरतो, उरलेले दहा दिवस कागद कमी पडला, सर्व्हर बंद पडला, साहेब रजेवर गेले यासाठी ठेवतो.

छापील फॉर्मॅटवर सह्या

सगळ्यात जास्त चीड येते ती याची. कुणीतरी पुढारी एक पानाचा मजकूर टाईप करून आणतो, "सदर आराखडा आम्हास मान्य नाही, तो रद्द करण्यात यावा", खाली नाव-सही, अन् मग दोनशे झेरॉक्स मारून गल्लोगल्ली वाटतात. लोकांना वाटतं गठ्ठा जेवढा जाड तेवढं वजन जास्त. तसं नसतं हो. हरकती ऐकणारी नियोजन समिती असते, त्यात पालिकेच्या स्थायी समितीचे ३ सदस्य अन् बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार, त्यांच्यासमोर प्रत्येक हरकत ही एका जागेबद्दलचा मुद्दा म्हणून येते. जागाच लिहिली नाही तर मुद्दा कशाबद्दल?

काही वर्षांपूर्वी एका गावाच्या हद्दवाढीतल्या शेतकऱ्यांचं असंच झालं. गावाचं नाव घेत नाही. मळ्यांमधून १८ मीटरचा रस्ता दाखवलेला, दोनशेच्या वर लोकांनी एकच फॉर्मॅट भरून दिला, वाजतगाजत, ट्रॅक्टर भरून माणसं नेली. सुनावणीच्या दिवशी मी बाहेरच उभा होतो, मे महिन्याचं ऊन, पाण्याचा जार संपलेला. आतून शिपाई नावं पुकारतोय अन् माणूस दोन मिनिटांत बाहेर येतोय. एक आप्पा होते, सत्तरीला टेकलेले, त्यांची विहीर बरोब्बर रस्त्याखाली जात होती. आत त्यांना एवढंच विचारलं की तुमचा गट नकाशावर दाखवा. त्यांनी तो नकाशा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, बोट ठेवलं शेजारच्या गटावर. बाहेर येऊन पायरीवर बसले अन् म्हणाले, "मनी विहीर गयी ना भो." माझी विहीर गेली ना भाऊ. पुढे अहवालात त्या सगळ्या हरकती "एकाच आशयाच्या" म्हणून एका ओळीत आल्या अन् एका ओळीत अमान्य झाल्या.

त्याच दिवशी एक मावशी आल्या होत्या, नवरा वारलेला, चार एकर कापूस. त्यांची हरकत दीड पानाची. पहिल्याच ओळीत गट नंबर, मग सातबारा, सरकारी मोजणीच्या नकाशाची क प्रत, आराखड्याचा प्रमाणित भाग नकाशा, म्हणजे आपल्या भागापुरता उतारा, विहिरीचे अन् पाईपलाईनचे फोटो. अन् शेवटी, हे महत्त्वाचं, त्यांनी नुसतं "रद्द करा" म्हटलं नव्हतं, रस्ता थोडा उत्तरेला सरकवून आधीपासूनच्या शिवरस्त्यावर घ्या, तिथं ना विहीर जाते ना घर, असं लिहून त्यावर लाल पेनाने रेघ मारून दिली होती. समितीतल्या एका जाणकाराने तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या वावरातली रेघ हलली. आप्पांचा मळा तिथून जरा पुढे, त्यांची विहीर मात्र तशीच रेघेखाली राहिली, कारण तिथं विहीर आहे हे समितीपुढे कागदावर कुणी ठेवलंच नव्हतं.

माझी सवय सांगतो. भाग नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, आपला गट निळ्याने, जे वाचवायचंय ते काळ्याने, आपली सूचना लाल पेनाने. मग हरकत घरातल्या नववी-दहावीतल्या पोराला वाचून दाखवायची, त्याला कळलं की नेमकं काय मागतोय तर ती बरोबर. भाषण, निषेध, क्रांतीचे शब्द सगळे काढून टाकायचे. अन् मोर्चा काढायचा तर जरूर काढा, माणसं एकत्र आली पाहिजेत, पण मोर्चातल्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वतःच्या गटाची वेगळी हरकत असू द्या.

भाग नकाशाचं एक. प्रारूप आराखड्याच्या प्रमाणित प्रती किंवा त्यातले उतारे वाजवी किमतीत विकत मिळाले पाहिजेत असं कायद्यातच आहे. तरी लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला भिंतीवरच्या नकाशाचा तिरपा फोटो झूम करून करून बघतात अन् त्यावरून ठरवतात की आपण वाचलो. पाचपन्नास रुपये अन् एक चक्कर वाचवायच्या नादात माणूस आपलं वावर पणाला लावतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. साहेबांच्या हातात दिली, त्यांनी मान हलवली, ही पोच नव्हे.

सातबारावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद आजच टाका, सुनावणीत तुम्ही कोण हा प्रश्न येतोच, अन् नोंद करताना बहिणींची नावं गाळू नका, ते अन्यायाचं तर आहेच पण पुढे मोबदल्याच्या वेळी सगळं तिथंच अडकतं.

सुनावणीला स्वतः जा. हरकत दिलेल्यालाच बोलता येतं, न दिलेला कितीही हुशार असला तरी त्याला तिथं बोलायचा हक्क नाही.

"मी मॅनेज करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा अन् परत पाठवा. आतापर्यंत माझ्याकडे अशांनी बुडवलेली किमान दहा घरं आली असतील, सगळ्यांना एकाच आठवड्यात निकाल पाहिजे होता.

ओपन स्पेस आपलीच आहे असं धरून चालणं

हे कॉलनीवाल्यांसाठी, अन् यावर मी जरा जास्तच बोलतो. ले-आउट, म्हणजे प्लॉटची आखणी, पडताना ठराविक जागा खुली सोडावी लागते. आताच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीला १० टक्के. लोक तिथं कडुनिंब लावतात, बाकडी टाकतात, गणपती बसवतात अन् वीस-वीस वर्षं सातबारा काढून बघत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका कॉलनीत सकाळी फिरायला गेलेल्या बायकांना दिसलं की ओपन स्पेसला चुना मारलाय अन् खड्डे खणलेत. धावपळ करून उतारा काढला तर त्यावर अजून मूळ मालकाचंच नाव, मालक वारलेला, पोरांची नोंद झालेली अन् त्यांनी तुकडे करून विकलेले. वर आणखी म्हणजे प्रारूप आराखड्यात ती जागा सरळ पिवळी, म्हणजे रहिवास दाखवलेली, अन् हरकतीची मुदत संपून गेलेली. त्या मुदतीत कॉलनीतल्या एकानेही नकाशा पाहिला नव्हता, शिकलेली माणसं सगळी, मास्तर, बँकवाले, इंजिनियर. आता कोर्टात तारखा चालू आहेत. कडुनिंबं तोडली गेली त्याचं मला फार वाईट वाटतं, त्यातली दोन आम्ही लावलेली होती.

मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसचा ताजा उतारा काढतो अन् मंजूर ले-आउटच्या प्रतीला टाचून ठेवतो. मंजूर ले-आउट तुमच्याकडे नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उताऱ्यावर मूळ मालक दिसला तर पालिकेचं नाव लावा म्हणून लेखी मागणी करा, तीसपस्तीस घरांच्या सह्यांनी. हो, इथं गठ्ठ्याचा उपयोग होतो, कारण जागा सगळ्यांची आहे. अन् नवीन डीपी आला की सगळ्यात आधी ती जागा कोणत्या रंगात आहे ते बघायचं.

नदीकाठचे लोक माझ्यावर रागावतात ते यासाठी की पूररेषेतून प्लॉट काढून द्या अशी हरकत मी लिहून देत नाही. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर अन् डोंगरी नद्यांनी काय केलं ते आपण पाहिलंय. मोजणी चुकली असेल तर पातळीचे आकडे घेऊन या, मी रात्रभर बसून लिहीन, पण "सगळ्यांनी बांधलंय" हे कारण मला चालत नाही.

गावाकडच्यांनी ग्रामसभेचं लक्षात ठेवा. गणपूर्ती, म्हणजे कोरम, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी ते. लोक म्हणतात नको जायला, कोरम झाला नाही की सभाच होणार नाही. सभा तहकूब होते, अन् तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग गायरानाचा ठराव पाचपंधरा माणसांत होतो अन् तुम्हाला जेसीबी दिसल्यावर कळतो. कोऱ्या रजिस्टरवर तर सहीच करायची नाही, सरपंच सख्खा भाऊ असला तरी.

सुनावणी झाली की लोक सुटकेचा श्वास सोडतात अन् फाईल माळ्यावर टाकतात. आराखडा सरकारकडे जातो, कलम ३१ खाली मंजुरी मिळताना सरकार स्वतः मोठे बदल सुचवू शकतं, तो भाग वगळून त्याच्यावर पुन्हा नोटीस अन् पुन्हा हरकती होतात. ही दुसरी नोटीस बहुतेकजण चुकवतात. नंतर कलम ३७ खाली मंजूर आराखड्यातही किरकोळ फेरबदल होतात, त्याचीही नोटीस निघते. मी महिन्यातून एकदा पालिकेच्या नोटीस बोर्डासमोर उभा राहून सगळं वाचतो, दहा मिनिटं लागतात.

अन् एवढं करूनही तुमच्या जमिनीवर आरक्षण पडलंच, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली गेलीच, तर अंतिम आराखडा कोणत्या तारखेला अंमलात आला ती तारीख सातबाराच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूला लिहून ठेवा. त्या तारखेपासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, मालकीचे कागद जोडून, अन् नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलंही उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. कागद न जोडता दिलेली नोटीस फुकट जाते, अन् मग २४ महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आप्पांच्या पोराला ही तारीख मी मागच्या महिन्यात शोधून दिली, तो आता वारस नोंदीच्या मागे लागलाय.