ड्रायव्हरचा दिवस पाहा, मग चावी द्या

आमच्या घरी दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर. मला यातलं एकही चालवता येत नाही, स्कूटी तेवढी येते. पण तिन्ही चाव्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला असतात आणि माझ्या हातूनच बाहेर पडतात. गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला, संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात, उन्हाळ्यात मिळेल ते भाडं. लायसन, इन्शुरन्स सगळेच बघतात. माणूस कालपासून कसा जगला, ते कोणी बघत नाही. मी ते बघायला लागले, त्याला कारण आमचे हेच.

२०१९ चा डिसेंबर. शेतातल्या पंपाची थ्री फेजची लाईन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात रात्रीची होती. हे रात्रभर हरभऱ्याला पाणी देत होते. सकाळी सहाला आले, अंघोळ केली, चहा घेतला आणि कापसाची गाडी घेऊन निघाले. मीच डबा भरून दिला. रात्रभर डोळा लागला का, हे विचारायचं मला सुचलंही नाही. गावापासून आठ किलोमीटरवर रस्ता जरासा डावीकडे वळतो. रस्ता वळला, गाडी वळली नाही. रस्त्यावर ब्रेकची खूण सुद्धा नव्हती. लोक धावत पोचले तेव्हा गाडी तुरीत उभी, ताडपत्री फाटून कापूस सगळीकडे पांगलेला, आणि हे स्टिअरिंग धरून बसलेले. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. म्हणाले, "मले एवढंच आठवते, खिडकीतून तूर कानाले लागली."

साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर कापते. चार सेकंद डुलकी लागली तर सहासष्ट मीटर गाडी आपलीच आपण चालते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातपाय थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखेच मंद होतात. फरक एवढाच, की त्याच्या तोंडाला वास येत नाही.

म्हणून पहिलं काम: कॅलेंडरवर लाईनच्या रात्री लाल पेनाने लिहून ठेवा. ज्याने रात्री ओलित केलं, त्याला दुपारपर्यंत चावी नाही. भाडं जाणारच असेल तर दुसरा माणूस बघा. लांबच्या फेरीत पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळा झोपेच्या. डोळे जड झाले की पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर गाडी उभी करायची, आधी चहा प्यायचा आणि मग लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. चहा चढायला तेवढाच वेळ लागतो, जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही, थोडा वेळ लपते. आणि देवाच्या नैवेद्याचं रोडगे-वांग्याचं जेवण झालेल्याला तासभर तरी गाडीवर बसू देऊ नका. रोडगे म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप, त्यावर वरण. तो माणूस गाडी चालवत नाही, पोट सांभाळत असतो.

दारूचं आमच्याकडे वेगळंच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. मिळत नाही असं म्हणणार नाही, पण बारमध्ये बसून प्यायची तर वर्धा नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. म्हणजे पिणं आणि मोटारसायकल यांची जोडीच झाली: सांजवेळी पूल ओलांडून जायचं, रात्री अंधारात पूल ओलांडून यायचं. वाटेत रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, रानडुकराचा कळप येतो, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. "पिऊ नका" म्हणून मी थकले. आता एवढंच म्हणते, गेलात तर तिकडेच नातलगाकडे झोपा, सकाळी या.

पण सकाळीही घाई नको. साठ किलोच्या माणसाने रात्री दहाला एक क्वार्टर घेतली, तर हिशेबाने सकाळी सहाला त्याच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेइतकी दारू उरलेली असू शकते. ती मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सापडला तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडचा एक ड्रायव्हर पोरगा म्हणायचा, "काई नाई होत काकू, लिंबू पेलो ना." लिंबाने, ताकाने, अंघोळीने दारू उतरत नाही. यकृत आपल्या चालीनेच काम करतं. आदल्या रात्री लग्न, बारसं, पोळा असं काही असेल तर दुसऱ्या दिवशीची पहिली फेरी मी दुपारची ठेवते. कोणाला काही विचारत बसत नाही, कारण खरं कोणी सांगत नाही.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. यावर हसू नका. एका हातात पन्नी, दात लावून गाठ सोडायची, आणि थुंकायला चालत्या गाडीचं दार उघडायचं! हे मी मागच्या सीटवरून डोळ्यांनी पाहिलंय. सोड म्हटलं तर कोणी सोडत नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा: खर्रा खायचा तर गाडी उभी करून, आणि त्या पाच मिनिटांबद्दल मी बोलणार नाही.

पावसाळ्यात फवारणीचा दिवस लक्षात ठेवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवतं. पण सौम्य बाधा झालेला माणूस "जरा डोकं दुखते" म्हणत गाडीवर बसतो, ते दिसत नाही. काही औषधांनी डोळ्याची बाहुली बारीक होते, अंधुक दिसतं, घाम आणि लाळ सुटते. फवारून आलेल्याला अंघोळ, कपडे बदल आणि त्या दिवशी चावी नाही. त्रास होत असेल तर त्याने स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नये. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत द्या. सर्दी-खोकल्याच्या गोळीनेही गुंगी येते, तेही विचारा.

आता माझी स्वतःची चूक. आम्ही आधी फेरीवर पैसे द्यायचो. कळमन्याची एक फेरी, इतके रुपये. ड्रायव्हर पोराच्या डोक्यावर मोबाईलचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचं कर्ज. तो दोन दिवसांत तीन फेऱ्या मारायचा आणि मी त्याला "मेहनती आहे" म्हणायची. वेग तो वाढवत होता, पण वाढवायला लावत मी होते. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांचंच काम धरलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आता महिन्याचा पगार ठरलेला, बाहेरच्या मुक्कामाचा भत्ता वेगळा. फेरी कमी होते, तेवढं भाडं बुडतं. पण डिझेल कमी लागतं आणि टायर जास्त टिकतात, हे वहीत दिसतं.

वही म्हणजे शंभर पानी. त्यात चार रकाने: काल रात्री किती झोप, जेवला का, निघायची वेळ, घरी काही कुरबूर. शेवटचा रकाना मी स्वतःच भरते, चेहरा बघून. घरून भांडून आलेला माणूस गियर आपटतो. त्याला अर्धा तास अंगणात बसवून चहा द्या, बोलू नका.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबद्दल एकच: अठरा वर्षांखालच्या पोराने गाडी चालवून मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. माझ्या पुतण्याने "शेतातच तर नेतो" म्हणून चावी मागितली होती. शेताची वाट डांबरी रस्त्यावरूनच जाते.

परवा सकाळी आमचा ड्रायव्हर आला, चप्पल काढली, खिळ्यावरची चावी घेतली आणि परत तिथेच टांगली. "काकू, पोरगी रात्रभर तापात होती. झोप नाई झाली. आज दुसऱ्याले पाठवा." मी त्याच्या हातात चहा दिला, दुसऱ्याला फोन लावला आणि वहीत त्याची पूर्ण हजेरी लिहिली. हे म्हणाले, काम न करता हजेरी कशी? मी म्हटलं, आज कापली तर पुढच्या वेळी तो मला सांगेल का?