आधी पिल्लाची आई बघून या

'कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय, जातिवंत घेऊ की क्रॉस?' असं विचारणारा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. सांगली जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली. नोकरी गाई-म्हशींची, पण कुत्रं दवाखान्याच्या दारात आलं नाही असा दिवस क्वचितच गेला. माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी पिल्लाची आई बघून या, मग बोलू.

हे मला आमच्या मोतीनं शिकवलं. 2009 साली मुलीसाठी दुकानातून लॅब्रॅडॉर आणला. गुबगुबीत, रुंद डोक्याचा, बघताक्षणी आवडावा असा. आई कुठाय विचारलं तर 'बंगलोरला' म्हणाले, आणि मी पुढं काही विचारलं नाही. चौदाव्या महिन्यात सकाळी उठताना त्याचे मागचे पाय फरशीवर घसरू लागले. आधी छाती उचलायची, मग मागचं धड ओढून घ्यायचं. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचा. एक्स-रेमध्ये दिसलं की खुब्याची वाटी उथळ आहे आणि मांडीच्या हाडाचा गोळा निम्मा बाहेर आलाय. हा दोष मुळात रक्तातून येतो; वाढलेलं वजन त्यात भर घालतं. मोती नऊ वर्षं जगला. त्यातली शेवटची चार वेदनेच्या गोळ्यांवर गेली.

म्हणून जातिवंत घेऊ नये असं मी म्हणणार नाही. जातिवंत पिल्लाचा मोठा फायदा म्हणजे पुढचा अंदाज. लॅब्रॅडॉर तीस किलोच्या आसपास भरणार, माणसांत रमणार, पाण्यात उतरणार, केस गाळणार, हे घेतानाच कळतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर हा अंदाज फार मोलाचा असतो. तोटाही त्याच गोष्टीतून येतो. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक रक्तातच जोड लावली की चांगले गुण पक्के होतात, तसे लपलेले दोषही दोन्हीकडून येऊन एकत्र पडतात. लॅबला आणि जर्मन शेफर्डला खुब्याचा त्रास, कॉकर स्पॅनियलला कानाचा, डॅशहंडला पाठीच्या मणक्याचा, डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा. चपट्या नाकाचा पग तर आमच्या भागातल्या एप्रिल-मेच्या उन्हात नुसता बसून घोरत धापा टाकतो. तो घोरतोय म्हणून लोक कौतुक करतात, पण त्याला श्वास पुरत नसतो. इकडं पग घेऊच नका.

क्रॉसचं गणित गाईवाल्यांना पटकन कळतं. गावठी गाय आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाची परदेशी जात) वळू यांची पहिली पिढी दूधही देते आणि टिकतेही. त्याच संकरित जनावरांची आपसात जोड लावत गेलात की पुढच्या पिढीत एक वासरू एकीकडं, दुसरं भलतीकडं. कुत्र्यातही तसंच. एका जातीचा दोष दुसऱ्या जातीत नसेल, तरच तो झाकला जातो. लॅब-जर्मन क्रॉस आपल्याकडं बराच दिसतो, पण खुबा दोघांचाही कच्चा, मग क्रॉस करून त्या बाबतीत काय मिळालं? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 साली 24 आनुवंशिक आजार तपासले. 10 आजार जातिवंतांत जास्त निघाले, 13 मध्ये फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटणं हा एक आजार मिश्र कुत्र्यांतच जास्त होता. क्रॉस म्हणजे निरोगीच, असं कुणी ठासून सांगत असेल तर हे लक्षात ठेवा.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांना 'केस गळत नाहीत' म्हणून कुरळ्या केसांच्या पूडल जातीचे क्रॉस महागात विकतात. लॅब्राडूडलचं नाव गाजलं ते ऑस्ट्रेलियातून, 1989 च्या सुमारास. अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरॉन यांनी एका अंध बाईंसाठी लॅब आणि पूडलची जोड लावली, कारण बाईंच्या नवऱ्याला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. पिल्लं झाली तीन, आणि त्यांतलं एकच त्या नवऱ्याला चाललं. आईबाप तेच, वेत तेच, तरी ही गत. तेव्हा ॲलर्जी असेल तर त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा तासभर बसून बघा. केस कमी गळणारं निघालं तरी रोज विंचरायची तयारी ठेवा, नाहीतर कानामागं आणि काखेत गुठळ्या होतात.

आता आई कशी बघायची ते सांगतो.

सांगून जा, पण 'बाहेर आणून दाखवतो' म्हणाले तर नको म्हणा; ती राहते तिथंच बघा. सड ओघळलेले आणि पिल्लांनी ओढून लाल झालेले हवेत. दुसरीच देखणी मादी दाखवून पिल्लं खपवणारे मी पाहिलेत. पिल्लं तिच्याजवळ सोडायला सांगा, ती आपोआप सडाला लागतात. मग तिला गुळगुळीत फरशीवर बसवून हाक मारा. उठताना मागचे पाय पसरतात का? चालताना कंबर डुलते का? अनोळखी माणूस बघून ती शेपूट पायात घालून कोपरा धरत असेल तर मी ते वेत सोडून देतो, पिल्लू कितीही गोड असो. पिल्लांसाठी ती गुरगुरली तर ते वेगळं. मालकानं हात ठेवल्यावर शांत झाली म्हणजे झालं.

जातिवंताला केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचे कागद असतील तर वंशावळ नीट वाचा. एकच नाव बापाकडून आणि आईकडूनही आलेलं दिसलं तर रक्त जवळचं आहे. पिल्लाच्या मानेजवळची मायक्रोचिप दवाखान्यात स्कॅन करून 15 आकडी नंबर कागदाशी जुळवा. कागद जात सांगतो. खुबा कसा आहे हे एक्स-रेच सांगतो, म्हणून मोठ्या जातीत आईबापांचा एक्स-रे मागायला लाजू नका.

क्रॉसला कागद नसतात, म्हणून तिथं आई आणखी निरखून बघायची आणि बापाची चौकशी करायची. आमची राणी गावठी आई आणि शेजारच्या मळ्यातल्या जर्मनची. मी आई बघूनच आणली. आई चपळ, काटक, पण परक्याला दहा हात लांब ठेवणारी. राणी आज अकरा वर्षांची आहे, अजून जिना पळत चढते, आणि लसी, जंताचं औषध आणि एकदाचा गोचीड ताप सोडला तर दवाखाना तिला माहीत नाही. पण पाहुणा आला की आजही तिला बांधावं लागतं. गावठीचा संशय आणि जर्मनची राखण एकाच अंगात आली. मळ्यात हे सोनं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शेजाऱ्यांशी रोजची भांडणं झाली असती.

आणि जातिवंत म्हणजे परदेशीच असं धरून चालू नका. जत-आटपाडीकडं मेंढपाळांबरोबर कारवान हा देशी जातीचा कुत्रा दिसतो. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. त्याला दिसण्यासाठी कुणी वाढवला नाही, पळण्यासाठी वाढवला. पळायला मोकळं रान असेल तर त्याच्यासारखं कुत्रं नाही. पळणारी मांजर दिसली की मात्र तुमची हाक त्याला ऐकू येत नाही.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी विकताही येत नाही. घ्यायला जाताना जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा न्या आणि आईच्या अंगाखाली तासभर राहू द्या. पहिल्या रात्री पिल्लू रडायला लागलं की तेच फडकं त्याच्या नाकाशी ठेवा. न धुता.