गंगथडीला होडीतून जुन्या खुणा शोधायच्या असतील तर

पैठणपासून खाली नांदेडपर्यंत गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, दोन्ही काठांना जुनी गावं एकावर एक बसलेली आहेत, आणि त्यांच्या खुणा बघायला सगळ्यात भारी जागा म्हणजे पाणी. काठावरून चालणाऱ्याला पायाखालची दरड दिसतच नाही, होडीतून मात्र तीच दरड वरपासून खालपर्यंत अख्खी समोर उभी राहते, काळी माती कुठं संपली, राखेचा पट्टा कुठं लागला, विटांची ओळ कुठं आहे सगळं दिसतं. म्हणून हे लिहितोय, कारण लोक नदीवर जातात, चमकलेलं काहीतरी उचलतात, घरी आणतात आणि वर्षभरानं ते कुठं सापडलं होतं हेच कुणाला आठवत नाही, मग त्या वस्तूचा कुणालाच काही उपयोग राहत नाही.

पहिलं काम होडीचं नाही, डोळ्याचं आहे. आधी तेरला जाऊन या, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे, त्यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या त्यातून ते उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी, हस्तिदंती बाहुली सगळं काचेमागं आहे, निवांत बघा, वहीत चित्रं काढा. पैठणलाही संग्रहालय आहे. पैठण आणि तेर या दोन गावांची नावं पेरिप्लसमध्ये, म्हणजे साधारण पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात, पैठण आणि तगर म्हणून आलेली आहेत, भडोचच्या बंदरात इथून माल जायचा. हे डोक्यात असलं की दरडीतलं साधं खापरसुद्धा वेगळं दिसतं.

मग घरी बसून नकाशा. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा, त्यात जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, २०१६ च्या उन्हाळ्यातले फोटो मिळाले तर सोनं समजा, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष, तेव्हा धरणांचे तळ उघडे पडले होते, आज पाण्याखाली असलेले उंचवटे, जुन्या वाटा, गावठाणं त्यात दिसू शकतात. नंतर त्या गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, काका, तुमच्या गावची पांढर कुठंय? जुन्या वस्तीची ती राखाडी पांढुरकी माती शेतकऱ्याला पक्की माहीत असते, पूर्वी लोक तीच खत म्हणून गाड्या भरून नेत. पांढर नदीला जिथं लागून आहे आणि नदी जिथं बाहेरच्या वळणाला काठ खाते, ती जागा नकाशावर टिपून ठेवा. आतल्या वळणाला वाळू साठते, तिथं सापडेल ते वरून वाहून आलेलं असणार.

परवानगीचं टाळू नका. नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा तलाव, हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय होडी घालायची नाही, आणि हिवाळ्यात बाहेरून आलेले पक्षी असतात तेव्हा तर अजिबात घाई करू नका. गंगेवर बाकी ठिकाणी सरपंच, पोलीस पाटील आणि तहसीलला आधी सांगून ठेवा, लेखी दिलं तर उत्तम, कारण वाळूउपशामुळं प्रशासन होडीकडं संशयानंच बघतं, आणि वाळूवाल्यांनाही कॅमेरा घेऊन फिरणारा अनोळखी माणूस नको असतो. दुसरं म्हणजे गुप्तधनाची अफवा, ती गावात एका संध्याकाळीत पसरते आणि मग रात्री कुदळी निघतात, मांत्रिक येतो, पूजा मांडली जाते, जागेचं वाटोळं होतं. म्हणून चावडीवर "नाणं सापडलं" असं कधीच बोलायचं नाही, जुनी खापरं आणि विटा बघतोय म्हणा, ते खरंच आहे.

होडी साधी चालते. भोई दादा लोकांची सपाट बुडाची होडी सगळ्यात बरी, आणि होडीसोबत ते स्वतः आले तर आणखी बरं, डोह कुठं, बाभळीची बुडलेली खोडं कुठं, जुन्या विहिरी कुठं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांचा रोज बुडतो त्याचे पैसे ठरवून द्या, फुकट नेऊ नका. थर्माकोलच्या तराफ्यावर ते जातात म्हणून तुम्ही जाऊ नका. लाईफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, होडीत ठेवलेलं नाही, अंगात. एक माणूस वल्हं मारणार, एक पुढं बसून बघणार, तिसरा काठावर मोबाईल घेऊन. जाळ्यांना लावलेल्या बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की वळसा घालायचा, जाळं फाटलं तर त्या घरची चूल बंद होते.

जायचं कधी? दिवाळी झाल्यावर, पूर उतरला आणि पाणी निवळलं की. पुरानं ताजी कापलेली दरड तेव्हा स्वच्छ असते, गवत चढलेलं नसतं. गंगा इकडं पश्चिमेकडून पूर्वेकडं जाते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळं उत्तरेकडच्या काठावर, म्हणजे पैठण ज्या बाजूला आहे त्या काठावर, दिवसभर ऊन पडतं आणि थर नीट वाचता येतात, दक्षिणेचा काठ सावलीत राहतो, त्याला ढगाळ दिवशी बघा. आता गंगा वाहती कमी आणि साठलेली जास्त, आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी, बाभळी असे बंधारे एकामागं एक आहेत, त्यांच्या फुगवट्यात होडी आरामात चालते. बंधाऱ्याच्या दारांजवळ मात्र फिरकायचंच नाही, वरून पाणी सोडणार का हे आदल्या दिवशी विचारायचं, सोडणार असतील तर बेत रद्द. तेरणेत आणि भोकरदनच्या केळणा नदीत होडीपुरतं पाणी क्वचितच असतं, तिथं पायीच.

एप्रिल-मेमध्ये नाथसागर उतरतो तेव्हा काठाला मैलभर गाळपेरीची जमीन उघडी पडते आणि तिथं पाण्याच्या कडेकडेनं बघण्यासारखं खूप असतं. पण तो तलाव पंचावन्न किलोमीटर लांबीचा आहे, दुपारी वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात, म्हणून उजाडताना निघायचं आणि दहा-अकराच्या आत परत. ओल्या गाळात होडीतून उडी मारू नका, वरची पापडी वाळलेली दिसते आणि खाली कमरेइतकं रुततं, आधी वल्ह्यानं दाबून बघायचं. वाळू काढलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, दरवर्षी पोरं त्यात बुडतात, त्यामुळं उथळ वाटलं तरी पाण्यात उतरून चालणं नको.

आता बघायचं कसं. आधी प्रवाहाविरुद्ध वर जा, येताना पाण्याबरोबर हळूहळू खाली या, म्हणजे दमल्यावर नदीच घराकडं आणते. दरडीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब राहा, खालून पोखरलेली दरड न सांगता कोसळते. दुर्बीण असली तर मजाच. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, तळाला गोट्यांचा घट्ट थर, हा नदीचा स्वतःचा हिशोब. यात मध्येच राखाडी पट्टा, कोळशाचे ठिपके, आडवी पडलेली खापरं दिसली की ती माणसाची वस्ती. खाली गोल होत गेलेला गडद भाग म्हणजे जुना खड्डा. मातीच्या कड्या एकावर एक दिसल्या तर त्या शोषखड्ड्याच्या नाहीतर विहिरीच्या. विटा दिसल्या तर लांबी बघा, सातवाहन काळातल्या विटा चाळीस सेंटिमीटरच्या पुढं जातात, आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट. तळाच्या गोट्यांच्या थराकडंही दुर्लक्ष करू नका, पैठणसमोर मुंगीजवळ अशाच थरातून १९ व्या शतकात वाईन नावाच्या भूवैज्ञानिकाला अगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा, माणसानं काढलेला छिलका मिळाला होता, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या अश्मयुगीन शोधांपैकी तो एक.

खापराच्या कडा बोटानं बघा. कड धारदार असेल तर ते जवळूनच पडलंय, वर दरडीत त्याचं घर शोधा, कड गुळगुळीत झाली असेल तर लांबून वाहत आलंय. आत काळं आणि बाहेर लाल असं खापर दिसलं तर फोटो नक्की काढा. मण्याचं भोक भिंगातून बघितलं तर दोन्ही बाजूंनी कोरून मध्ये जुळवलेलं दिसू शकतं, नुसता गारेचा खडा तसा नसतो, आणि गारगोट्या आपल्या दख्खनच्या दगडात ढिगानं आहेत, प्रत्येक लाल खडा मणी नसतो. घाटाजवळ सापडणारे देवांचे फोटो, विसर्जनाच्या मूर्ती, अस्थींचे गाडगे ही लोकांची श्रद्धा आहे, त्याला हात लावायचा नाही. चारमिनारवाली निजामाची हाली नाणी घाटांवर दिसू शकतात, त्यावर हिजरी साल असतं, १३४४ म्हणजे साधारण १९२५, त्याच्या मागचं असेल तर नाणं शंभर वर्षांचं झालं.

शंभर वर्षांचं का सांगतो, तर १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर, ती लायसनशिवाय विकायचा धंदा करता येत नाही आणि तुम्हाआम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून जुना १८७८ चा ट्रेझर ट्रोव्हचा कायदा, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. खणायचं तर नावच काढू नका, मेटल डिटेक्टर घरी ठेवा, ते वाजलं की हात खाली जातोच आणि वस्तू थरातून सुटली की तिचा काळ सांगणारा पुरावा गेला.

म्हणून करायचं ते एवढं: वस्तू आहे तिथंच ठेवून फोटो, एक लांबून अख्ख्या दरडीचा, एक जवळून शेजारी शाळेची पट्टी ठेवून, मोबाईलमधलं लोकेशन, पाण्याच्या पातळीपासून अंदाजे किती फूट वर, आणि तारीख. नाथसागरावर असाल तर त्या दिवशीची धरणाची पातळी लिहाच, ती रोज जाहीर होते, धरण भरल्यावर पातळी १५२२ फूट असते, पाणी साठलेलं आणि सपाट असल्यामुळं त्या आकड्यावरून तुमच्या थराची समुद्रसपाटीपासूनची उंची पुढं कुणालाही काढता येते, वर्षभरानं सगळं पाण्याखाली गेलं तरी. मला विचाराल तर हा एक आकडा टोपलीभर खापरांपेक्षा मोलाचा आहे.

एखादं नाणं किंवा मूर्ती वाहून जाईल अशीच पडली असेल तर तिथूनच तलाठी किंवा पोलीस पाटलाला फोन करा, त्यांच्यासमोर उचला आणि पंचनामा करून घ्या. धुवायचं नाही, चिंच, लिंबू, भांड्याची पावडर काहीही लावायचं नाही, नाण्यावरचा हिरवा थर घासला की अक्षरंच जातात. ओली लाकडी वस्तू किंवा हाड वाळू देऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, उन्हात तडकतं. मग कलेक्टर ऑफिसला अर्ज, एक प्रत पुरातत्त्व खात्याच्या संभाजीनगरच्या ऑफिसला, सोबत फोटो आणि लोकेशन, आणि दोन्हीकडं शिक्का मारलेली पोच घ्या. महिनाभर उत्तर आलं नाही तर पोच घेऊन परत जा. विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या सरांना किंवा मॅडमना पण दाखवा, थराचा फोटो नीट असेल तर ते स्वतःहून विचारतात की ती जागा कुठली, पुन्हा कधी जाणार.